बॅकअप ६३ टक्क्यांवर अडकलाय? थांबा, स्विच बंद करू नका

आमच्या घरचा बॅकअप सलग तीन रविवार ६३ टक्क्यांवर येऊन बसला. पहिल्या रविवारी मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि ‘कॅन्सल’ दाबलं. तर कॅन्सलच अडकलं. शेवटी वैतागून भिंतीवरचं बटण बंद केलं. दुसऱ्या रविवारी वाटलं, जुन्या बॅकअपमध्येच काहीतरी गडबड असणार; म्हणून एक्स्टर्नल डिस्क फॉरमॅट करून पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या रविवारी पुन्हा ६३.

या तीन रविवारांत मी जेवढ्या म्हणून चुका करता येतात तेवढ्या केल्या. त्यातली एक महागात पडली, ती पाचव्या पायरीत सांगते. आपण प्रोग्रॅमला शिव्या घालतो, तो काढून दुसरा टाकतो, आणि खरं दुखणं बऱ्याचदा डिस्कचं, केबलचं किंवा एखाद्या फाइलचं असतं. बॅकअप म्हणजे वर्षातून एकदा घरातलं प्रत्येक कपाट उघडून बघणं. इतर वेळी कुणी न उघडलेलं कपाट त्या दिवशी उघडलं जातं आणि वाळवी दिसते.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ असलेल्या घरच्या संगणकासाठी आहे. प्रोग्रॅम कुठलाही असो, विंडोजची स्वतःची ‘फाइल हिस्टरी’ असो की बाहेरून आणलेला, पायऱ्या त्याच. क्रम मात्र बदलू नका. मी उलट्या क्रमाने गेले होते.

हाताशी काय असू द्यावं

- एक दुसरी रिकामी डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह. जुन्या बॅकअपची डिस्क यात धरायची नाही.
- एक जादा यूएसबी केबल, तुमच्या डिस्कला बसणारी
- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड (आमच्याकडे तो फक्त मुलाला माहीत होता, आणि मुलगा क्लासला)
- वही-पेन. कितव्या टक्क्यावर, किती वाजता, कुठल्या फाइलवर अडकला ते लिहायला. मोबाइलमध्ये स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल.
- डेस्कटॉप असेल तर चालू यूपीएस, लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला

१. आधी ठरवा: अडकलाय की रेंगाळलाय?

निम्म्याहून जास्त वेळा बॅकअप चालूच असतो, आपला धीर सुटलेला असतो. म्हणून आधी साधा हिशेब मांडा.

जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी जातात. ४०० जीबी न्यायचे तर सव्वातीन तासांच्या आसपास लागणार, तेसुद्धा मोठमोठ्या फाइली असतील तर. यूएसबी ३.० पोर्ट आणि नेहमीची फिरती (पिशवीतून नेता येणारी) हार्ड डिस्क असेल तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे तेवढंच काम तासा-सव्वातासात. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेले हजारो बारके फोटो आले की हाच वेग सेकंदाला पाचदहा एमबीवर येतो. पोतंभर तांदूळ एकदम उचलणं आणि तेच दाणे एकेक करून नेणं यात जेवढा फरक, तेवढा.

शिवाय टक्क्यांवर फार विश्वास ठेवू नका. काही प्रोग्रॅम टक्के फाइलींच्या संख्येवर काढतात, काही आकारावर. संख्येवर काढणाऱ्याला एखादी १५ जीबीची व्हिडिओ फाइल लागली की आकडा बराच वेळ जागचा हलत नाही, आणि तरी सगळं ठीक असतं.

अनेक स्वस्त फिरत्या डिस्कमध्ये डेटाचे पट्टे छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात. सुरुवातीला अशी डिस्क जोरात धावते आणि आतली तात्पुरती जागा भरली की एकदम मंदावते. पहिल्या तासात ४० टक्के आणि पुढच्या तासात चार, असा प्रकार दिसला तर हे कारण असू शकतं. बिघाड नाही, स्वभाव आहे.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ या शब्दांनाही घाबरू नका. खिडकीने पाच सेकंद विंडोजला उत्तर दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मागे काम चालू असू शकतं.

२. नाडी बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तिथे डिस्कचे टक्के दिसतात, पण खरी माहिती आहे ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये. स्टार्टच्या शोधखिडकीत त्याचं नाव टाका, उघडा आणि ‘डिस्क’ या टॅबवर जा. वरच्या यादीत तुमच्या बॅकअप प्रोग्रॅमच्या नावापुढे टिक करा. आता खालच्या यादीत तो कुठली फाइल वाचतोय, कुठली लिहितोय आणि उत्तर मिळायला किती मिलिसेकंद लागतायत ते दिसेल. पाच मिनिटं नुसतं बघत बसा. काही करू नका.

साधारण चारपैकी एक चित्र दिसेल.

आकडे बदलतायत, फाइलींची नावं बदलतायत: बॅकअप चालू आहे. चहा करून घ्या.

प्रोसेसर भरपूर खर्च होतोय, डिस्क मात्र निवांत: प्रोग्रॅम फाइली दाबून लहान करतोय, कुलूपबंद करतोय किंवा जुन्या-नव्याची तुलना करतोय. तासभर द्या.

डिस्क १०० टक्के व्यस्त, वेग जवळपास शून्य आणि ‘रिस्पॉन्स टाइम’ हजारांत, तोही एकाच फाइलवर: डिस्क किंवा केबल आजारी आहे. धडधाकट हार्ड डिस्क दहा-वीस मिलिसेकंदांत उत्तर देते. माझ्याकडे तो आकडा २१ हजारांवर गेला होता, म्हणजे एका विचारणेला एकवीस सेकंद. फाइलचं नाव वहीत लिहा आणि सरळ चौथ्या-पाचव्या पायरीवर जा. तिसरी वाटेत लागेलच.

सगळंच शून्य: प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघतोय. अनेकदा ‘ही फाइल आधीच आहे, बदलू का?’ असं विचारणारी चौकट दुसऱ्या खिडकीच्या मागे दडलेली असते. ऑल्ट-टॅब दाबून सगळ्या खिडक्या चाळा. तसं काही नसेल तर टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये त्या प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅनलाइझ वेट चेन’ निवडा. हा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणासाठी ताटकळलाय का, ते तिथे कळतं.

३. थांबवायचाच असेल तर सभ्यपणे थांबवा

आधी प्रोग्रॅमचं स्वतःचं ‘कॅन्सल’ किंवा ‘स्टॉप’. ते दाबल्यावर पंधरा मिनिटं हात बांधून बसा. हातातली फाइल पूर्ण करून नोंद मिटवायला त्याला वेळ लागतो. त्यानेही नाही झालं तर टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’. एक लक्षात ठेवा, अनेक बॅकअप प्रोग्रॅमचे दोन भाग असतात: आपल्याला दिसते ती खिडकी आणि मागे राबणारी सर्व्हिस. खिडकी मेली तरी सर्व्हिस लिहीत असू शकते. म्हणून रिसोर्स मॉनिटरमध्ये लिहिणं खरोखर थांबलंय ना ते बघा.

मग खालच्या कोपऱ्यातून ‘सेफली रिमूव्ह’. ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं ठणकावलं तर भांडू नका, संगणक बंद करा आणि मग केबल काढा.

इथे एक सापळा आहे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्ण बंद होतच नाही. विंडोजच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची (डिस्क, यूएसबी वगैरे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची) अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुन्हा चालू केलं की तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. खरी ताजी सुरुवात हवी असेल तर डिस्क काढून झाल्यावर ‘रीस्टार्ट’ करा. ‘बंद करून चालू केलं हो, काही फरक नाही’ ही तक्रार मी घरोघरी ऐकली आहे. कारण बहुतेक हेच.

भिंतीवरचं बटण हा शेवटचा उपाय. लिहिता लिहिता वीज तुटली की बॅकअपची सूची अर्धवट राहते, आणि मग फाइली डिस्कवर असूनही प्रोग्रॅम म्हणतो की बॅकअपच नाही.

४. केबल, पोर्ट आणि वीज

ही सगळ्यात स्वस्त पायरी आहे आणि माणसं हीच गाळतात.

केबल बदला. एक्स्टर्नल डिस्कच्या चपट्या टोकाच्या केबली पिशवीत दुमडून दुमडून खराब होतात. बाहेरून ठणठणीत दिसतात. मग पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला नको, मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचा पोर्ट आतल्या लांब वायरीवर असतो. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) घालू नका. फिरती डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते, यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. तेवढी नीट मिळाली नाही की डिस्क मध्येच ‘टिक’ करते, क्षणभर गायब होते आणि परत येते. तुम्हाला काही कळत नाही, बॅकअप मात्र तिथेच बसतो.

विंडोजही वीज वाचवायला जातं. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगांत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ आहे, ते बंद करा. बॅकअप संपेपर्यंत ‘स्लीप’ही ‘नेव्हर’वर ठेवा. लॅपटॉपचं झाकण मिटलं की काय होतं तेही त्याच पानावरून कळेल.

पहिल्यांदा तरी बॅकअप रात्री लावून झोपू नका. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट केव्हा जाईल त्याचा नेम नसतो, आणि घरगुती यूपीएस पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे साथ देत नाही. दिवसा, घरात कुणी जागं असताना लावा.

५. डिस्कची तब्येत

केबल-पोर्ट बदलूनही तसंच असेल तर आता डिस्क तपासायची. दोन्ही: जिच्यावरून वाचतोय ती आणि जिच्यावर लिहितोय ती. माझी समजूत होती की दोष असलाच तर पिशवीतून फिरणाऱ्या डिस्कमध्ये असणार. दोष निघाला टेबलाखाली कधीही न हललेल्या संगणकाच्या आतल्या डिस्कमध्ये.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या आजारपणाची नोंद ठेवत असते. ती वाचायला ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा जपानी बनावटीचा फुकट प्रोग्रॅम चांगला आहे. उघडल्यावर वर निळा ‘गुड’, पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ असा शेरा दिसतो. पण नुसत्या रंगावर थांबू नका. हार्ड डिस्क असेल तर खालच्या तक्त्यात या ओळी शोधा:

- ०५: खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे)
- सी५: वाचताना अडखळलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर
- सी६: दुरुस्त न होणारे
- सी७: डेटा वाहून नेताना झालेल्या चुका, ही ओळ बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवते

पहिल्या तीन ओळींत शेवटच्या रकान्यात शून्य असायला हवं. या रकान्यातले आकडे मूळ मांडणीत सोळाच्या पायाने लिहिलेले असतात, म्हणून ‘१ए’सारखं काहीतरी विचित्र दिसतं. ‘फंक्शन’ या मेनूतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर’, मग ‘रॉ व्हॅल्यूज’मध्ये जाऊन दहाचा पाया निवडला की माणसांचे आकडे दिसतात. एक्स्टर्नल डिस्कच्या काही डब्या ही माहिती बाहेर देतच नाहीत. तिथे यादी रिकामी दिसली म्हणून डिस्क चांगली असं समजू नका.

दुसरा साक्षीदार ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. ज्या वेळी बॅकअप अडकला ती वेळ वहीत आहेच, त्या वेळच्या नोंदी बघा. स्रोताच्या रकान्यात ‘डिस्क’ आणि पुढे ७ हा क्रमांक असेल तर खराब ब्लॉक सापडलाय. १५३ म्हणजे वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. माझ्याकडे ७ क्रमांकाच्या नोंदी ओळीने लागल्या होत्या, तिन्ही रविवारच्या.

आता ती महागडी चूक. रिसोर्स मॉनिटरमध्ये जी फाइल २१ सेकंदांवर ताटकळत होती, ती होती बाबांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाची. शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या खांद्यावर शाल घालतात, मुख्याध्यापक हातात नारळ घेतात, आणि चित्र तिथेच थिजतं. नारळ हवेत. पुढची अकरा मिनिटं, म्हणजे बाबा बोलले ती अकरा मिनिटं, वाचता येत नाहीत. याच फाइलची धडधाकट प्रत जुन्या बॅकअपमध्ये होती, आणि तो बॅकअप मी दुसऱ्या रविवारी स्वतःच्या हाताने फॉरमॅट करून टाकला होता. वर त्याच जागेवर पुन्हा ६३ टक्के लिहून झाले होते, त्यामुळे परत मिळण्याची आशाही नव्हती.

तेव्हा, जुना बॅकअप कुठल्याही परिस्थितीत पुसायचा नाही. जागा कमी पडत असेल तर दुसरी डिस्क आणा. ‘फ्रेश सुरुवात करून बघू’ हा मोह आवरा.

सी५ किंवा सी६मध्ये शून्याहून वेगळं काही दिसलं तर:

पूर्ण बॅकअपचा हट्ट सोडा. पुन्हा पुन्हा ‘ट्राय अगेन’ केलं की आजारी डिस्क त्याच जखमेवर घासत राहते. आधी जे गेलं तर परत मिळणार नाही ते वेगळ्या डिस्कवर हाताने कॉपी करा: फोटो, स्कॅन केलेले कागद, मुलांचे व्हिडिओ. लहान लहान फोल्डर करून, एकेक. जे फोल्डर अडखळेल ते बाजूला ठेवून पुढे जा. गाणी आणि सिनेमे सगळ्यात शेवटी.

सगळं बाहेर येईपर्यंत ‘चेकडिस्क’, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा, चालवू नका. ‘आधी चेकडिस्क मारून घे’ असं सांगणारे खूप भेटतात. खराब सेक्टर शोधण्याच्या प्रकारात ते डिस्कचा कण न् कण वाचतं, तासन् तास, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला ते सोसत नाही. डेटा सुरक्षित झाल्यावर मग खुशाल चालवा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर काहीच करू नका. वीज बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवण्याचे वगैरे उपाय आहेत, ते ऐकायलाच बरे.

६. जिथे ठेवायचंय तिथे जागा आहे का?

ही छोटी पायरी. एक्स्टर्नल डिस्कवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. मोकळी जागा किती, आणि ‘फाइल सिस्टिम’पुढे (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) काय लिहिलंय ते बघा. ‘फॅट३२’ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर बसूच शकत नाही, डिस्क दोन टीबीची असली तरी. पूर्ण बॅकअपची एकच फाइल करणारे प्रोग्रॅम इथे हटकून आपटतात. ‘एनटीएफएस’ हवं. बदलायचं तर फॉरमॅट करावं लागतं, आणि फॉरमॅटबद्दल मी वर काय म्हटलं ते आठवा.

७. एखादीच फाइल अडून बसली असेल तर

डिस्क निरोगी आहे, केबल नवी आहे, तरी दर वेळी त्याच जागी गाडी थांबते. मग संशय फाइलवर.

*उघडी फाइल.* आउटलुकची टपालपेटी, हिशेबाचा प्रोग्रॅम किंवा मोठी एक्सेल शीट उघडी राहिली की तिला कुलूप लागतं. बॅकअपआधी सगळं बंद करा, ब्राउझरसकट.

*ढगातली फाइल.* वनड्राइव्हमध्ये जागा वाचवायला काही फाइलींचं फक्त नाव संगणकावर असतं, शेजारी निळसर ढगाचं चिन्ह. बॅकअप प्रोग्रॅम तिला हात लावतो तेव्हा ती आधी इंटरनेटवरून उतरवावी लागते. नेट मंद असेल तर बॅकअप गोठल्यासारखाच दिसतो. अशी फोल्डरं बॅकअपमधून वगळा, किंवा आदल्या दिवशी त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवा.

*पहारेकरी.* अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासतो. तो पूर्ण बंद करू नका. बॅकअप प्रोग्रॅमला त्याच्या अपवादांच्या यादीत घाला. विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल तर तो अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही, म्हणून ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ही बघा.

*मराठी नावं.* यावर कुणी फारसं बोलत नाही, आणि आपल्याला तर हे हमखास भोवतं. विंडोजमध्ये अनेक प्रोग्रॅम फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंत, २६० चिन्हांपुरताच मानतात. आपण म्हणू, एवढं लांब नाव कोण देतं? पण संगणक अक्षरं मोजत नाही. तो काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजतो. ‘प्रात्यक्षिक’ हा आपल्या हिशेबी चार अक्षरांचा शब्द त्याच्या हिशेबी बारा चिन्हांचा. माझ्या मुलीने ‘बारावी भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक’ नावाच्या फोल्डरात तसंच दुसरं, त्यात तिसरं असं रचलं होतं. मूळ जागी तो पत्ता कसाबसा बसत होता. पण बॅकअप प्रोग्रॅम सुरुवातीला स्वतःच्या फोल्डरांची नावं जोडतो, फाइल हिस्टरी तर प्रत्येक फाइलच्या नावात तारीख-वेळही घालते, आणि मग पत्ता २६०च्या पार. काही प्रोग्रॅम स्पष्ट चूक दाखवतात, काही मुकाट्याने फाइल गाळतात, काही तिथेच ठिय्या देतात.

इलाज सोपा: मधल्या फोल्डरांची नावं छोटी करा. मराठी सोडायची गरज नाही. ‘प्रयोग’ लिहिलं तरी भागतं.

८. शॅडो कॉपीचा घोळ

‘सगळंच शून्य’ हे चित्र असेल आणि चौकटही कुठे दडलेली नसेल, तरच या पायरीवर या. वापरात असलेल्या फाइलींचा बॅकअप घ्यायला विंडोज त्या क्षणाचा एक थिजलेला फोटो काढतं, त्याला ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ म्हणतात. ते काम अडलं की बॅकअप ‘प्रिपेअरिंग’वरच राहतो. सर्व्हिसेसच्या यादीत ही सर्व्हिस बंद दिसली म्हणून दचकू नका, ती ‘मॅन्युअल’च असते, गरजेपुरती जागी होते. ती जबरदस्तीने ‘ऑटोमॅटिक’ करायचे सल्ले सोडून द्या.

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाका. व्हीएसएसअ‍ॅडमिन हा सलग एकच शब्द आहे. येणाऱ्या यादीतल्या प्रत्येक नावाखाली ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ असायला हवं. नसेल तर रीस्टार्ट, बहुतेकदा तेवढ्याने सुटतं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर आधी दहा-पंधरा जीबी मोकळे करा. आणि घरात दोन बॅकअप प्रोग्रॅम असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत ना, ते बघा.

९. निम्मं-निम्मं करून चोर पकडा

अजूनही सापडत नसेल तर ही युक्ती. बॅकअपच्या यादीतले निम्मेच फोल्डर ठेवून चालवा. सुरळीत झाला तर चोर उरलेल्या निम्म्यात. मग त्याचे दोन भाग. ६४ फोल्डर असतील तरी सहा फेऱ्यांत एकाच फोल्डरवर बोट ठेवता येतं. कंटाळवाणं आहे खरं, पण अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा बरं. आणि निम्म्या फोल्डरांचा बॅकअप तेवढ्यात होऊनही जातो.

तुम्ही विंडोजची ‘रोबोकॉपी’ ही फाइली कॉपी करणारी आज्ञा वापरत असाल तर एक ऐका. ती फाइल कॉपी झाली नाही की ३० सेकंद थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. आणि तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर असे प्रयत्न दहा लाख वेळा करते. गुणाकार करून बघा, एका फाइलपायी जवळजवळ साडेअकरा महिने. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन पर्यायांनी प्रयत्नांची संख्या आणि मधली वेळ प्रत्येकी एकवर आणता येते.

१०. झाला म्हणतो, पण झालाय का?

शंभर टक्के झाले म्हणून टाळ्या वाजवू नका. आधी अहवाल किंवा लॉग उघडून गाळलेल्या फाइलींची यादी बघा. ‘कम्प्लीटेड विथ वॉर्निंग्ज’ असेल तर ती वॉर्निंग वाचा. बहुतेकांप्रमाणे मीही ती वर्षभर न वाचता बंद करत होते.

मग डिस्क काढा, शक्य असेल तर शेजाऱ्यांच्या किंवा भावाच्या संगणकाला लावा, आणि बॅकअपमधून तीन फाइली परत आणून उघडा: सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी आणि एक मराठी नावाची. व्हिडिओ असेल तर नुसती सुरुवात बघू नका, मधे आणि शेवटी सरकवून बघा. तिन्ही नीट चालल्या की डिस्कवर चिकटपट्टी लावून आजची तारीख टाका. जुन्या बॅकअपची डिस्क त्यानंतरही निदान पुढचा बॅकअप सुखरूप होईपर्यंत कपाटातच राहू द्या.